गर्भिणीचा रक्तदाब आणि वृक्काची रक्तातील साक्ष

गर्भिणीच्या पायांवर सूज येणे ही आपणा वैद्यांच्या नित्य परिचयाची तक्रार आहे. आमच्या मुळशी तालुक्यात भातलावणीच्या दिवसांत या सुजेचे कारण घरच्यांनी आधीच ठरविलेले असते. दिवसभर चिखलात वाकून उभे राहिल्यामुळे पाय सुजले, असे सासूबाई सांगतात आणि गर्भिणीही मान डोलावते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु अशा दहा जणींत एखादी अशी निघते, की जिच्या पायांची सूज श्रमाची नसून वाढलेल्या रक्तदाबाची असते आणि जिची वृक्के (मूत्रपिंडे) त्याच वेळी शांतपणे निकामी होऊ लागलेली असतात. ही एक स्त्री वेळेवर कशी ओळखावी, रक्ततपासणीतून तिच्या वृक्काची हानी किती लवकर कळू शकते, आणि हाती आलेला अहवाल कसा वाचावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय केवळ मोठ्या रुग्णालयांचा आहे, असे आमच्या वाचकांपैकी काहींस वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. तालुक्याचा पूर्व भाग, म्हणजे भूगाव, पिरंगुट, हिंजवडी हा पट्टा, आज पुणे शहराशी एकजीव झाला आहे. परंतु पौडच्या पुढे, मुळशी जलाशयाच्या काठाने ताम्हिणीकडे जावे, तसतसे अंतर वाढत जाते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याच्या पाण्याला वळसा घालूनच आजही काठावरील अनेक गावांना बाहेर पडावे लागते. मुसळधार पावसात तो वळसा अधिकच लांबतो. अशा ठिकाणी गर्भिणीस प्रथम पाहणारी व्यक्ती बहुधा आशाताई, परिचारिका, गावचा वैद्य किंवा औषधालयाचा मालक असते. शहरात दोन तासांचा उशीर भरून निघतो. येथे तो जिवावर बेततो.

वृक्काची गरोदरपणातील चाल

रक्तातील खुणा समजण्यासाठी प्रथम निरोगी गर्भिणीचे वृक्क कसे वागते, हे ध्यानात घेतले पाहिजे. गर्भधारणेनंतर पहिल्या काही आठवड्यांतच वृक्काकडे जाणारे रक्त वाढते आणि गाळण्याचा वेग सुमारे दीडपट होतो. परिणामी क्रिएटिनिन, युरिया, युरिक आम्ल हे मलरूप पदार्थ अधिक वेगाने बाहेर टाकले जातात व रक्तातील त्यांचे प्रमाण उतरते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात लक्षावधी स्त्रियांच्या तपासण्यांवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की क्रिएटिनिनची सरासरी १६ ते २० आठवड्यांच्या सुमारास सर्वांत खाली, म्हणजे ०.५३ च्या जवळ येते. (या लेखातील क्रिएटिनिन व युरिक आम्लाचे सर्व आकडे दर डेसिलिटरला मिलिग्रॅम असे आहेत.)

याचा व्यावहारिक अर्थ फार महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालावर क्रिएटिनिनची ‘सामान्य मर्यादा’ ०.६ ते १.२ अशी काहीतरी छापलेली असते. ती गर्भिणीसाठी नव्हे. उदाहरणार्थ, एका सडपातळ स्त्रीचे क्रिएटिनिन बाराव्या आठवड्यात ०.५ होते आणि बत्तिसाव्या आठवड्यात ते ०.९ आले, असे समजा. अहवालावर कोठेही लाल खूण नसेल, चांदणीही नसेल. तथापि क्रिएटिनिन आणि गाळण्याची क्षमता यांचे नाते व्यस्त असल्यामुळे तिच्या वृक्काने निम्म्याच्या आसपास काम सोडून दिले आहे, असा त्या दोन आकड्यांचा अर्थ होतो. २०१९ मध्येच ब्रिटनमधील संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रीकरण करून गर्भावस्थेच्या तीन त्रैमासांसाठी अनुक्रमे सुमारे ०.८६, ०.८१ आणि ०.८७ अशी वरची मर्यादा सुचविली. आमची वाचकांस विनंती आहे, की लेखातील अन्य काही लक्षात राहिले नाही तरी एवढे राहावे: गर्भिणीचे क्रिएटिनिन ०.९ च्या घरात आले, तर छापील मर्यादेवर विसंबू नये.

आणखी एक सावधगिरी. हल्ली अनेक प्रयोगशाळा क्रिएटिनिनवरून गणिताने काढलेला गाळण्याचा वेगही अहवालात छापतात. ही सूत्रे गर्भिणी नसलेल्या व्यक्तींवरून बांधलेली आहेत. गर्भावस्थेत त्यांचा आधार घेऊ नये.

रक्तदाबाने वृक्कात काय घडते

वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक, किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आढळला आणि त्यासोबत मूत्रातून प्रथिने जाऊ लागली अथवा वृक्क, यकृत, रक्त, मेंदू यांपैकी कोठेही बिघाड दिसला, तर त्यास प्रीएक्लॅम्प्सिया (पूर्वाक्षेपक अवस्था) म्हणतात. पूर्वी मूत्रातील प्रथिने ही निदानाची अनिवार्य अट होती. २०१३ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने ती काढून टाकली, कारण प्रथिने दिसण्यापूर्वीच काही स्त्रिया गंभीर होतात. क्रिएटिनिन १.१ च्या वर जाणे किंवा मूळ आकड्याच्या दुप्पट होणे ही तीव्र व्याधीची खूण मानली जाते.

वृक्कातील विकृतीचे वर्णन १९५९ मध्ये शिकागोच्या स्पार्गो व सहकाऱ्यांनी केले. गाळणी असलेल्या केशिकागुच्छांच्या आतील अस्तराच्या पेशी सुजतात, पोकळी अरुंद होते आणि रक्त गाळले जाणे मंदावते. ही सूज कशामुळे येते, याचे उत्तर मिळण्यास २००३ साल उजाडले. बोस्टन येथे कार्य करणारे भारतीय वंशाचे वृक्करोगतज्ज्ञ डॉ. अनंत करुमंची यांच्या गटाने दाखविले, की आजारी अपरेतून (वारेतून) एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन मातेच्या रक्तात अतिरिक्त प्रमाणात उतरते. केशिकांना निरोगी राखणारे घटक ते बांधून ठेवते. उंदरांच्या शरीरात हेच प्रथिन वाढविले असता रक्तदाब, मूत्रातील प्रथिने आणि वृक्कातील तीच विकृती निर्माण झाली. म्हणजे दोषाचे मूळ अपरेत, वाहक रक्त आणि अधिष्ठान वृक्क, असा हा संप्राप्तीचा क्रम आहे. वैद्यांस तो परका वाटू नये.

रक्तातील खुणा आणि त्यांचे मोल

क्रिएटिनिनचा विचार वर केलाच आहे. ती स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध तपासणी होय. तिचा दोष असा, की हानी बरीच झाल्यावरच ती बोलते. यास्तव तिचा एकच आकडा पाहण्यापेक्षा चढ पाहावा. पहिल्या तीन महिन्यांत एक क्रिएटिनिन करून गर्भिणीच्या वहीत लिहून ठेवला, तर पुढील प्रत्येक अहवालास तुलनेचा आधार मिळतो.

युरिक आम्लाचा या व्याधीशी संबंध १९१७ पासून नोंदलेला आहे. निरोगी गर्भावस्थेच्या पूर्वार्धात ते उतरते. रक्तदाब वाढलेल्या गर्भिणीत ते ५.५ ते ६ च्या पुढे जाऊ लागले, तर वृक्काच्या नलिका ते धरून ठेवू लागल्या आहेत असे समजावे. क्रिएटिनिनच्या आधी ते वाढू शकते, हा त्याचा गुण. परंतु केवळ त्यावरून पुढील उपद्रवांचे भाकीत नीट करता येत नाही. ते साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

सिस्टॅटिन-सी हे शरीरातील सर्व सकेंद्रक पेशी तयार करीत असलेले लहानसे प्रथिन आहे. स्नायूंच्या प्रमाणावर ते क्रिएटिनिनइतके अवलंबून नसल्यामुळे कृश स्त्रीमध्ये त्याचा विशेष उपयोग संभवतो. पूर्वाक्षेपक अवस्थेत ते वाढते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र निरोगी गर्भिणीतही शेवटच्या त्रैमासात ते काहीसे चढते आणि अवटु ग्रंथीचे विकार व स्टिरॉइड औषधे यांचाही त्यावर परिणाम होतो. एनजीएएल ही वृक्कनलिकांच्या इजेची खूण अद्याप संशोधनाच्या पातळीवरच आहे. तिच्यावर रुग्णाचा पैसा खर्च करण्याची वेळ आलेली नाही.

एसएफएलटी-१ आणि अपरेतून येणारा पीएलजीएफ हा घटक यांचे गुणोत्तर ही अलीकडील सर्वांत भरवशाची तपासणी होय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असल्यास पुढील आठवड्यात पूर्वाक्षेपक अवस्था उद्भवणार नाही, असे ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने सांगता आले. मात्र ३८ च्या वर आकडा गेलेल्यांपैकी चार आठवड्यांत व्याधी प्रकट झालेल्या स्त्रिया सुमारे ३७ टक्केच होत्या. म्हणजे निर्धास्त करण्यासाठी ही तपासणी उत्तम, परंतु निदान पक्के करण्यासाठी एकटी पुरेशी नाही.

शेवटी साध्या रक्तगणनेकडे लक्ष वेधतो. प्लेटलेट एक लाखाच्या खाली येणे धोक्याचे आहे, हे सर्वज्ञात आहे. हिमोग्लोबिनची गोष्ट तितकी परिचित नाही. पांडु असलेल्या गर्भिणीचे हिमोग्लोबिन लोहकल्पाने हळूहळू वाढावे, हे अपेक्षितच. परंतु रक्तदाब वाढलेला असताना, अंगावर सूज असताना, थोड्याच दिवसांत ते ९ वरून ११.५ झाले, तर लोहकल्पाचे यश मानून समाधानी होऊ नये. द्रव रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपून रक्त दाट झाल्याचे ते लक्षण असू शकते.

पुण्यातील कार्य

या विषयाचे महत्त्वाचे संशोधन आपल्या जिल्ह्यातच चालले आहे, याची नोंद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. पुण्याच्या भारती विद्यापीठातील ‘इर्शा’ या आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी व त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे पूर्वाक्षेपक अवस्थेतील अपरा, स्निग्धाम्ले आणि केशिकावर्धक घटक यांचा अभ्यास केला आहे. त्यांच्या ‘रिव्हॅम्प’ या अभ्यासाचा आराखडा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारती रुग्णालय आणि गुप्ते रुग्णालय येथील गर्भिणींचे रक्त ११ ते १४, १८ ते २२ आणि २६ ते २८ आठवड्यांत तसेच प्रसूतिसमयी घेऊन, व्याधी प्रकट होण्यापूर्वी रक्तात कोणते बदल होतात, हे त्यात पाहिले जाते. एकाच स्त्रीच्या रक्ताकडे कालक्रमाने पाहण्याची ही रीत गावातील वैद्यासही अनुकरणीय आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, एक वही लागते.

ग्रंथदृष्टी

सुश्रुताने शारीरस्थानात मासानुमासिक उपचार सांगताना सहाव्या महिन्यात गोक्षुरसिद्ध घृत किंवा यवागू सांगितली आहे. मूत्रवह स्रोतसाकडे लक्ष द्यावयाचा काळ आणि आधुनिक शास्त्राने सांगितलेला वीस आठवड्यांनंतरचा काळ हे जवळजवळ एकच आहेत, ही बाब चिंतनीय आहे. तथापि गोक्षुराने पूर्वाक्षेपक अवस्था टळते किंवा बरी होते, असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही. हारीताने गर्भोपद्रवांत शोफाची गणना केली आहे. आणि सुश्रुताने निदानस्थानात, मूढगर्भाच्या प्रकरणात, आक्षेपकाने ग्रस्त स्त्री चिकित्सेस वर्ज्य सांगितली आहे. आचार्यांनी जेथे हात आखडला, तेथपर्यंत रुग्ण पोहोचूच नये, हाच आपला धर्म ठरतो.

येथे एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. सूज दिसली की पुनर्नवादी क्वाथ किंवा अन्य मूत्रल कल्प देण्याची प्रथा आहे. पूर्वाक्षेपक अवस्थेत शरीरावर सूज असली तरी रक्तवाहिन्यांतील द्रव घटलेला असतो. अशा वेळी मूत्रल औषधाने सूज उतरलेली दिसेल, घरच्यांना बरे वाटेल आणि वृक्काकडे जाणारे रक्त मात्र आणखी घटेल. रक्तदाब व मूत्र तपासल्यावाचून गर्भिणीच्या शोथावर औषध देऊ नये.

औषधालयांच्या मालकांसाठी

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील कार्याचा लेख प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. त्या वारशाचा आपणांस अभिमान आहे. परंतु सर्पगंधेतील रेसर्पिन अपरा ओलांडून गर्भापर्यंत जाते आणि नवजात अर्भकास नाक चोंदणे, सुस्ती, श्वासाचा त्रास हे उपद्रव होतात. गर्भिणीस सर्पगंधायुक्त कल्प देऊ नयेत.

यष्टीमधु सुश्रुताच्या पहिल्या महिन्याच्या योगात आहे व तो सौम्य मानला जातो. त्यातील ग्लायसिऱ्हायझिन शरीरात मीठ धरून ठेवते, पोटॅशियम घटविते आणि रक्तदाब वाढविते. म्हणून रक्तदाब वाढलेल्या गर्भिणीत तो टाळावा. ईश्वरीसारख्या ॲरिस्टोलोकिया कुलातील वनस्पतींतील आम्लाने वृक्काचा कायमचा नाश होतो, हे १९९३ मध्ये बेल्जियममधील रुग्णांवरून जगापुढे आले. पारदघटित रसकल्पांबाबतही गर्भावस्थेत, विशेषतः वृक्काविषयी शंका असताना, संयम हेच शहाणपण होय.

आधुनिक औषधांबाबत तीन गोष्टी लक्षात असाव्यात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या वीस आठवड्यांनंतर गर्भिणीस चिठ्ठीवाचून देऊ नयेत. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही रक्तदाबाची औषधे गर्भाच्या वृक्कास घातक आहेत. पूर्वीपासून ती घेणारी स्त्री गरोदर राहिल्याचे कळताच तिला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा हे गर्भावस्थेत वापरले जाणारे पर्याय तज्ज्ञ ठरवितात. आणि तिसरी गोष्ट, तज्ज्ञाने सुरू केलेली अल्पमात्रेतील ॲस्पिरिन ‘रक्त पातळ होईल’ या भीतीने बंद करण्याचा सल्ला काउंटरवरून देऊ नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धोका अधिक असलेल्या गर्भिणींना १६ आठवड्यांपूर्वी रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू केल्यामुळे ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणारी पूर्वाक्षेपक अवस्था ६२ टक्क्यांनी घटली.

आपल्या चिकित्सालयात काय करावे

महाग खुणांची चर्चा झाली तरी आमचे मत असे, की मुळशीसारख्या तालुक्यात पुढील क्रम निष्ठेने पाळला तर बहुतेक स्त्रिया वेळेत ओळखल्या जातील.

पहिले, गर्भिणी कोणत्याही कारणाने आली, अगदी सर्दीसाठी आली तरी, पाच मिनिटे बसवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून रक्तदाब मोजावा व वहीत लिहावा. दुसरे, मूत्रातील प्रथिने पट्टीने पाहावीत. पट्टी नसेल तर परीक्षानळीत मूत्र उकळून ॲसिटिक आम्लाचे थेंब टाकण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. तिसरे, रक्तदाब १४०/९० ला पोहोचला, तर क्रिएटिनिन, युरिक आम्ल, रक्तगणना आणि यकृताची विकरे यांच्यासाठी त्याच दिवशी पाठवावे व पूर्वीच्या आकड्यांशी तुलना करावी. चौथे, रक्तदाब १६०/११० किंवा अधिक असेल, डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, उरोस्थीच्या खाली पोटात दुखत असेल, धाप लागत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर अहवालाची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कोठे पाठवावे, हेही आधी ठरलेले असावे. पौड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. लवळे येथे सिंबायोसिस विद्यापीठाचे रुग्णालय याच तालुक्यात आहे. पुण्यात ससून रुग्णालय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भिणींची मोफत तपासणी होते. २०१६ पासून चालू असलेल्या या दिवसाची आठवण औषधालयाच्या फलकावर लिहिण्यास खर्च येत नाही.

पाठविताना सोबत द्यावयाच्या चिठ्ठीत जुने क्रिएटिनिन अवश्य लिहावे. आक्षेपक रोखण्यासाठी रुग्णालयात दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट वृक्कावाटेच बाहेर पडते, त्यामुळे त्याची मात्रा ठरविताना वृक्काची स्थिती निर्णायक असते. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी आपल्याकडील कमी वजनाच्या स्त्रियांसाठी या औषधाची अल्पमात्रेची पद्धत मांडली, तिच्या मुळाशीही रुग्णाच्या देहमानाचा असाच विचार होता. आपण लिहिलेला एक आकडा तेथील वैद्यकांचा बहुमोल वेळ वाचवील.

प्रसूतीनंतर

बाळ जन्मले, सूज उतरली, की प्रकरण संपले असे सर्वांस वाटते. परंतु आक्षेपकाचा धोका सूतिकावस्थेतही राहतो, म्हणून पहिल्या आठवड्यात रक्तदाब पाहणे आवश्यक आहे. तीन महिन्यांनी पुन्हा रक्तदाब, मूत्रातील प्रथिने व क्रिएटिनिन तपासावे. नॉर्वेतील नोंदींवरून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या गर्भावस्थेत ही व्याधी झालेल्या स्त्रियांत पुढे वृक्क पूर्ण निकामी होण्याचा धोका सुमारे पावणेपाच पट आढळला. असे प्रसंग एकंदरीत विरळाच. तथापि ज्या स्त्रीचे क्रिएटिनिन तीन महिन्यांनंतरही उतरले नाही, तिला गर्भावस्थेपूर्वीपासूनच वृक्कविकार असण्याची शक्यता असते आणि तो शोधण्याची हीच संधी असते. पुढील गर्भधारणेपूर्वी अशा स्त्रीस तज्ज्ञांकडे नेणे हे तिच्या कुटुंबाच्या वैद्याचेच काम आहे, कारण तोवर रुग्णालयाशी तिचा संबंध सुटलेला असतो, आपला सुटलेला नसतो.

गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे जपावे, असा चरकाचा उपदेश आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. जपणे म्हणजे केवळ सौम्य औषध देणे नव्हे. पात्र कोठे झिरपू लागले आहे, हे वेळीच पाहणेही त्यात येते. यास्तव आमची सर्व वैद्यबंधु-भगिनींस आणि औषधालयचालकांस सूचना आहे, की आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक गर्भिणीच्या नावाने वहीत एक पान राखावे आणि त्यावर पहिल्या भेटीचा रक्तदाब व क्रिएटिनिन नोंदवावा. पुढे मोठ्या प्रयोगशाळेतील कोणतीही तपासणी केली, तरी तिचा अर्थ त्या पानाशी ताडून पाहिल्यावरच लागणार आहे.